आपणच आत सोडलेले जिवाणू

काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांचा १९६५ चा प्रयोग आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेला आहे. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांचे पल्प उघडे केले, तरी ते जिवंत राहिले आणि त्यांच्यावर डेंटिनचा पूल तयार झाला. साध्या उंदरांच्या दाढांत मात्र पल्प कुजला आणि गळू झाले. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी मार लागून मेलेले, पण वरून अखंड असलेले दात तपासले. ज्या दातांच्या मुळाशी हाड झिजले होते, जवळपास त्यांच्याचमध्ये जिवाणू सापडले. यातून ‘आतले जिवाणू मारा’ हा धडा आपण पक्का घेतला आणि त्यासाठी फाइल, इरिगंट, ॲक्टिव्हेशन यांवर भरपूर खर्चही केला. पण याच पुराव्यातून दुसरा धडा तितक्याच थेटपणे निघतो: उपचार चालू असताना आत नवा जिवाणू जाता कामा नये. तो आपण अर्धाच घेतला आहे, आणि आपल्या अनेक अपयशांचे मूळ तिथे आहे असे आमचे मत आहे.

पल्पायटिसची केस घ्या. पल्प अजून जिवंत आहे, दुखण्याने पेशंट हैराण आहे, पण मुळातला कॅनाल बहुतेक वेळा निर्जंतुकच असतो. अशा दाताची आरसीटी झाली आणि दोन वर्षांनी एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला, तर ते जिवाणू आले कुठून? बहुतेक वेळा ते उपचाराच्या काळात किंवा नंतर गळक्या फिलिंगमधून आत गेलेले असतात. एन्टरोकॉकस फीकॅलिसची गोष्टही हेच सांगते. पहिल्यांदा उघडलेल्या संसर्गित दातात हा जिवाणू क्वचितच सापडतो, आणि अपयशी ठरलेल्या, आधी भरलेल्या दातात मात्र वारंवार. कॅल्शियम हायड्रॉक्साइडला तो दाद देत नाही, उपासमारीत तग धरतो. फिनलंडमध्ये सिरेन आणि सहकाऱ्यांना १९९७ मध्ये असे दिसले, की आतड्यातल्या जातींचे जिवाणू असलेल्या दातांत कॅनाल मध्येच उघडा राहिल्याचे किंवा सिटिंग फार वाढल्याचे प्रमाण जास्त होते. ‘ड्रेनेजसाठी दात ओपन ठेवला’ हे वाक्य आजही केसपेपरवर दिसते. ते आता बंद व्हायला हवे.

लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. कापसाचा रोल आणि सक्शन लाळ कमी करतात, अडवत नाहीत. अडवतो तो रबर डॅम. न्यूयॉर्कच्या बार्नम यांनी तो १८६४ मध्ये पहिल्यांदा वापरला, म्हणजे आपल्या बहुतेक साधनांपेक्षा तो जुना आहे. तरीही त्याच्याविरुद्धचे आक्षेप ठरलेले आहेत आणि त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. पेशंटला गुदमरल्यासारखे होते, हा पहिला. काही थोड्यांना होते हे खरे. पण घशात पाणी आणि हायपो उतरत नाही म्हणून बाकीच्यांना डॅम सुसह्यच वाटतो. वेळ जातो, हा दुसरा. हात बसेपर्यंत जातो. नंतर रोल बदलण्यात आणि पेशंटला दर दोन मिनिटांनी थुंकायला उठवण्यात जाणारा वेळ वाचतो. दात इतका मोडलेला असतो की क्लॅम्प बसतच नाही, हा तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. पण ज्या दातावर क्लॅम्प बसत नाही त्यावर टेम्पररी तरी कशी टिकणार? तिथे आधी कीड पूर्ण काढून भिंत उभारायची, प्री-एंडो बिल्डअप करायचा आणि मगच ॲक्सेस. भिंत उभारताच येत नसेल, तर दात वाचवण्यासारखा आहे का, हा प्रश्न तेव्हाच पेशंटसमोर ठेवायला हवा.

खरा अवघड आक्षेप आकड्यांचा आहे. तैवानमध्ये २०१४ साली ५,१७,२३४ दातांची पाहणी प्रसिद्ध झाली. डॅम लावलेले ९०.३ टक्के दात टिकले, न लावलेले ८८.८ टक्के. दीड टक्क्यासाठी एवढा आटापिटा? पण ‘टिकला’ म्हणजे काढला गेला नाही, एवढेच. मुळाशी हाड भरून आले की नाही हे त्यात मोजलेलेच नाही. शिवाय ही विम्याच्या नोंदींवरची पाहणी आहे, नियंत्रित चाचणी नव्हे, आणि हे दोन्ही बाजूंनी मान्य करावे लागते. डॅम न लावता उपचार करण्याचा मोठा प्रयोग पेशंटवर करणे नैतिकदृष्ट्या अवघड, त्यामुळे तसा पुरावा फारसा येणारही नाही. तोवर इतर निरीक्षणांकडे पाहावे लागते. श्योग्रेन आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात भरण्याच्या वेळी कल्चर निगेटिव्ह असलेले ९४ टक्के दात बरे झाले, पॉझिटिव्ह असलेले ६८ टक्के. पोस्ट बसवताना डॅम लावल्यास यश ९३.३ टक्के आणि न लावल्यास ७३.६ टक्के, असे २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. आणि गिळली गेलेली किंवा श्वासनलिकेत गेलेली फाइल कोणत्याही टक्केवारीत बसत नाही.

मात्र डॅम लावला म्हणजे काम झाले, हा समजही तितकाच घातक आहे. ऑब्च्युरेशनच्या दिवशी काय होते ते जवळून पाहा. मास्टर कोनचा एक्स-रे काढताना ग्लोव्हज घातलेला हात सेन्सरला लागतो, मग लाइटच्या हँडलला, मग कीबोर्डला. त्याच बोटांनी डबीतून जीपी पॉइंट उचलला जातो, पट्टीवर मोजला जातो आणि कॅनालमध्ये कायमचा ठेवला जातो. पॉइंट एक मिनिट सव्वापाच टक्के हायपोमध्ये बुडवणे, भरण्यापूर्वी ग्लोव्हज बदलणे, स्वच्छ ट्रे घेणे, डॅम लावल्यावर शीट आणि दात हायपोने पुसून घेणे आणि क्लॅम्पभोवतीची फट लाइट-क्युअर बॅरियरने बुजवणे, याला काही मिनिटे आणि थोडे पैसे लागतात. चेअरच्या पाण्याचेही तेच. अमेरिकेत २०१५ मध्ये जॉर्जियात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये पल्पोटॉमी झालेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम ॲब्सेससचा गंभीर संसर्ग झाला. उगम चेअरच्या पाण्याच्या नळ्यांत सापडला. उघड्या पल्पवर त्या नळीतले पाणी मारू नये, निर्जंतुक सलाईन वापरावे.

शेवटचा धोका पेशंट दवाखान्यातून गेल्यावरचा. टोराबिनेजाद यांच्या १९९० च्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात वरून उघडे ठेवलेले, व्यवस्थित भरलेले निम्म्याहून जास्त कॅनाल १९ दिवसांत जिवाणूंनी टोकापर्यंत गाठले. आपल्याकडे दुखणे थांबले की पेशंट कॅपसाठी ‘सुगीनंतर येतो’ म्हणतो, आणि कापसाच्या बोळ्यावरची पातळ टेम्पररी महिनोन्महिने तशीच राहते. म्हणून कॅविट किमान साडेतीन मिलिमीटर जाड हवे, आणि शक्य तिथे कॅनाल भरल्या दिवशीच, डॅम न काढता कोअर बिल्डअप करावा. त्याचे पैसे आरसीटीच्या फीमध्येच धरून सांगितले, तर पेशंटला तो वेगळा, टाळता येण्याजोगा खर्च वाटत नाही.

या मासिकाकडे येणाऱ्या केस रिपोर्टमध्ये शेवटचा एक्स-रे सुरेख असतो, पण आयसोलेशन कसे केले याचा उल्लेख नसतो. पुढच्या अंकापासून एंडोच्या प्रत्येक केसबरोबर आम्ही डॅम लावलेला एक फोटो, तात्पुरत्या आणि पक्क्या फिलिंगच्या तारखा आणि वापरलेले इरिगंट मागणार आहोत. डॅम लावता आला नसेल तर का, हेही लेखकाने लिहावे. अशा केस आम्ही नाकारणार नाही; त्या अडचणींची चर्चा या पानांवर व्हावी अशी आमची इच्छा आहे.