एकतीस मार्च आणि मृग नक्षत्र

जालन्याच्या मोंढ्यात वर्ष दोनदा संपते. एकदा ३१ मार्चला, कागदावर; आणि एकदा जूनमध्ये, मृगाचा पाऊस पडून पेरण्या झाल्या की, खऱ्या अर्थाने. पहिल्या तारखेला ताळेबंद तयार होतो, दुसरीनंतर पैसा हातात येतो. या दोन तारखांच्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत किती धंदे बुडाले, याचा हिशेब कोणत्याही बँकेच्या वार्षिक अहवालात मिळणार नाही. बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर कर्जाच्या फायली वाचल्या, त्यातली काही वर्षे जालन्यात. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा लोक विचारीत, आकड्यांच्या रुक्ष जगातून तुम्ही इकडे कसे वळलात? मी सांगत असे की माणसाची आशा, त्याची भीती आणि त्याची थाप, या तिन्हींची पहिली ओळख मला ताळेबंदातच झाली.

आज हे आठवायचे कारण माझा भाचा. शेअर बाजारात त्याने नुकतेच लक्ष घातले आहे. परवा मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, या कंपनीचा करंट रेशो दोन आहे. म्हणजे भक्कमच की नाही?" मी त्याला विचारले, "दोन कशाचे?" त्याला प्रश्न कळला नाही. त्याला हसण्याचा अधिकार मला नाही, कारण तिशीत असताना तो प्रश्न मलाही कळत नव्हता, आणि त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्यांनी मोजली.

मुळात हे गुणोत्तर अगदी साधे आहे. वर्षभरात ज्याचा पैसा होईल अशी मालमत्ता, म्हणजे गल्ल्यातली रोकड, गोदामातला माल, गिऱ्हाइकांकडची उधारी, ही एका बाजूला. वर्षभरात जे फेडायचे ते, म्हणजे व्यापाऱ्यांचे देणे, बँकेची उचल, कर्जाचे वर्षाचे हप्ते, दुसऱ्या बाजूला. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर एकापेक्षा जास्त आले तर देणी भागतील, कमी आले तर ओढाताण होईल, असा सर्वसाधारण समज. पुस्तकांत आदर्श म्हणून दोनाचा आकडा दिलेला असतो. आमच्या बँकांत मात्र १.३३ हा आकडा मंत्रासारखा म्हटला जाई.

हा १.३३ कोठून आला? १९७४ साली रिझर्व्ह बँकेने पंजाब नॅशनल बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल १९७५ मध्ये आला. तोवर बँका मुख्यतः तारण पाहून कर्ज देत. गोदामात माल आहे ना, मग घ्या उचल. माल जितका जास्त तितकी उचल जास्त, त्यामुळे साठेबाजीलाही बँकेचाच पैसा. टंडन गटाने सांगितले की चालू मालमत्तेचा काही भाग उद्योजकाने स्वतःच्या किंवा दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा केलाच पाहिजे. त्यांच्या दुसऱ्या पद्धतीत हा भाग २५ टक्के होता. शंभराच्या मालमत्तेवर पंचाहत्तराची देणी. शंभराला पंचाहत्तराने भागले की १.३३. पुढे चोरे समितीने मोठ्या कर्जदारांसाठी हीच पद्धत उचलून धरली, आणि शाखाशाखांतून हा आकडा जणू शिलालेखासारखा कोरला गेला. १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आपापले निकष ठरवण्याची मोकळीक दिली; तरी सवय लगेच सुटली नाही. शिस्त म्हणून हा विचार उत्तमच होता. शिस्तीचे कर्मकांड कोणी केले, ते पुढे सांगतो.

जालना म्हणजे 'सोने का पालना' असे जुने लोक म्हणत. या गावाचे सोने दोन प्रकारचे. एक लोखंडाचे: भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल. दुसरे बियाण्याचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको सुरू केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या वाटेने पुढे लहानमोठ्या कितीतरी बियाणे कंपन्या आणि व्यापारी या परिसरात उभे राहिले.

नव्वदच्या दशकात अशाच एका लहान बियाणे व्यापाऱ्याची फाइल माझ्या टेबलावर आली. ३१ मार्चची चालू मालमत्ता ३२ लाख, चालू देणी २० लाख. गुणोत्तर १.६. मंत्रापेक्षा वरचढ. मी शिफारस केली, मर्यादा वाढवून मिळाली. त्याच आठवड्यात एक बेकरीवाला आला. पाव, खारी, टोस्ट. त्याला दुसरी भट्टी घालायची होती. त्याची चालू मालमत्ता ६८ हजार आणि चालू देणी ८० हजार. गुणोत्तर ०.८५. मी त्याला समोर बसवून समजावले की तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त आहेत, असे कर्ज बसत नाही. तो म्हणाला, "साहेब, माझा पाव संध्याकाळपर्यंत राहत नाही. मैद्याचे पैसे मला वीस दिवसांनी द्यायचे असतात. मला अडचण कुठे आहे?" मी म्हणालो, "कागदावर आहे." आज ते वाक्य आठवले की कानशिले गरम होतात.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. पाऊस आला तेव्हा शेतकऱ्यांनी पीक बदलले होते. बियाण्याच्या व्यापाऱ्याच्या ३२ लाखांपैकी २२ लाख गोदामातले बियाणे होते. ते निम्म्याहून अधिक शिल्लक राहिले, आणि वर गावोगावच्या दुकानदारांकडून न खपलेली पाकिटे परत येऊ लागली. बियाणे हा चमत्कारिक माल आहे. त्याच्या लेबलवरची मुदत तपासणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची. पुन्हा तपासणीत उतरले तर थोडी वाढते. उगवण घसरली की तो माल बियाणे राहत नाही. आणि औषध लावलेले असल्यामुळे ते खायला चालत नाही, गुरांना घालता येत नाही, तेलघाणीतही नेता येत नाही. ३१ मार्चला २२ लाखांचा असलेला साठा ऑगस्टात मातीमोल झाला. सळईचे असे होत नाही. भाव पडला तर नुकसान होईल, पण सळई उद्याही सळईच असते. माझ्या फायलीत मात्र बियाणे आणि सळई या दोहोंना एकच नाव होते: मालसाठा.

खरे तर माझ्या हाताशी उपाय होता. मालसाठा वगळून उरलेल्या मालमत्तेला देण्यांनी भागायचे. त्याला जलद गुणोत्तर म्हणतात. ३२ मधून २२ गेले, राहिले १० लाख; देणी २० लाख. उत्तर अर्धा. हा आकडा मी त्या दिवशी काढला असता तर व्यापाऱ्याला सांगू शकलो असतो की एवढा साठा करू नका, निम्मा करा. तो ऐकता की नाही, देव जाणे. पण मी सांगितलेच नाही. त्याचे दुकान दोन वर्षांत बंद झाले. बेकरीवाल्याने सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलले, भट्टी घातली, कर्ज फेडलेही. पण त्यासाठी घराकरिता घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. बँकेने बारा-पंधरा टक्के वर्षाला घेतले असते. त्याने छत्तीस दिले. हा फरक माझ्या १.३३ चा.

यात फसवणूक कोणाचीच नव्हती. पण ३१ मार्चच्या फोटोसाठी केस विंचरून बसणारेही असतात. समजा एखाद्याची चालू मालमत्ता १०० लाख आणि देणी ८० लाख आहेत. गुणोत्तर १.२५, म्हणजे नापास. त्याने ३१ मार्चला दुपारी गल्ल्यातले २० लाख काढून व्यापाऱ्यांची तेवढी देणी फेडली. मालमत्ता ८० लाख, देणी ६० लाख. भागाकार करा: १.३३, पास! धंद्यात एक रुपया नवा आला नाही, नफा झाला नाही, आणि एप्रिलमध्ये तीच उधारी पुन्हा उभी राहणार. उलट हाताशी असलेली रोकड कमी झाली, म्हणजे प्रत्यक्षात तो कालच्यापेक्षा अडचणीत आहे. आकडा सुधारला आणि माणूस अडला, हे एकाच वेळी घडू शकते. म्हणून एका तारखेचा आकडा मानू नये. वर्षभराची महिनेवार रोकड पाहावी.

आमच्या गावाकडचे जुने मुनीम ही गोष्ट न शिकता जाणत. येणे किती, हे विचारून झाल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न असे: केव्हा? आणि तिसरा: कोणाकडून? गुणोत्तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, बाकीचे दोन आपल्यावर सोडते. माल विकायला किती दिवस लागतात, विकल्यावर पैसे यायला किती, आणि आपल्याला द्यायला किती दिवसांची सवलत आहे? पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा आकडा वजा करा. बेकरीवाल्याचा माल एका दिवसात खपे, पैसे रोख मिळत आणि देणे वीस दिवसांनी. म्हणजे दुसऱ्याचा पैसा एकोणीस दिवस त्याच्याच हातात. साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या बड्या कंपन्या याच पद्धतीने चालतात. त्यांचे गुणोत्तर एकाच्या आसपास किंवा त्याखाली असले तर विश्लेषक त्याला कार्यक्षमता म्हणतात. बेकरीत मात्र मी त्याला तंगी म्हणालो.

वेळेचा हा घोळ फक्त मोंढ्यात होतो असे नाही. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या प्रचंड वित्तसंस्थेने देणी चुकवायला सुरुवात केली, तेव्हा समूहाच्या डोक्यावर ९० हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते. अशा संस्थेला चालू गुणोत्तर लावून मोजत नाहीत, हे खरे. पण रोग तोच होता. पैसा रस्त्यांसारख्या, पंधरा-वीस वर्षांनी परतावा देणाऱ्या कामांत अडकलेला आणि कर्जे त्याआधीच फेडायची. मालमत्ता होती, रस्ते होते. ठरलेल्या तारखेला पैसे नव्हते. पतमापन संस्थांनी तिला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत उत्तम दर्जा दिलेला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारला तिचे संचालक मंडळ बदलावे लागले.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कोणाकडून? मला सर्वांत अन्यायाची वाटते ती जागा हीच. औद्योगिक वसाहतीतला एखादा लेथवाला घ्या. मोठ्या कारखान्याला सुटे भाग करून देतो. बिल लावून सहा महिने झाले, पैसे नाहीत. तागादा केला तर पुढचे काम जाईल. पण त्याच्या ताळेबंदात ते सहा महिन्यांचे बिल 'येणे' म्हणून दिमाखात बसलेले असते आणि त्याचे गुणोत्तर दोनावर जाते. पगाराच्या दिवशी तो बायकोच्या बांगड्या घेऊन सराफाकडे जात असतो आणि कागद म्हणतो, प्रकृती उत्तम! पलीकडे मोठ्या कारखान्याचे कौतुक होते की कमी भांडवलात केवढा धंदा करतो. त्याचे भांडवल या लेथवाल्याच्या घरातून आलेले असते, बिनव्याजी.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने अशी बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजही लावले. पण ज्याच्यावर पोट अवलंबून त्याच्यावर दावा कोण करणार? २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात दुरुस्ती केली: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही. यामुळे लेथवाल्याला तोंड न उघडता थोडे पाठबळ मिळाले, हे चांगले झाले. काही मोठ्यांनी यातून पळवाट म्हणून नोंदणी नसलेल्या माणसाकडे काम वळवले, तर हेही पाणी मुरेल. म्हणून माझे म्हणणे असे की बँकांनी गुणोत्तर काढताना नव्वद दिवसांपलीकडची उधारी मुळात मालमत्तेत धरूच नये, आणि मोठ्या कर्जदाराला मर्यादा वाढवून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: तुमच्या लहान पुरवठादारांना तुम्ही किती दिवसांनी पैसे देता?

आता कर्जाचा निर्णय बऱ्याच ठिकाणी संगणक देतो. वेळ वाचतो, वशिला कमी होतो, मला त्याचे दुःख नाही. पण आपल्याला बजावले पाहिजे की त्या यंत्राला आपण जे शिकवू तेवढेच ते पाहील, आणि मी त्या काळी जेवढे पाहिले तेवढेच त्याला शिकवले, तर माझी चूक ते दिवसाला हजार वेळा करील. भाच्याला मी एवढेच सांगितले की गुणोत्तर जरूर बघ, पण आधी अहवालाच्या मागच्या पानांवर जा. मालसाठ्याची फोड, सहा महिन्यांहून जुन्या उधारीची रक्कम आणि रोकड प्रवाहाचे पत्रक एवढे वाचल्याखेरीज 'भक्कम' हा शब्द उच्चारू नकोस.

मागे जालन्याला गेलो तेव्हा ती बेकरी शोधली. आता मुलगा बसतो. मी ओळख दिली नाही. पाव मागितला तर म्हणाला, "संपला काका, सकाळी लवकर या."