गांजाचे औषध : आधी दुखणेकरी, मग पीक

ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कोणत्याच पिकाला धड भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या, असे त्याचे मागणे होते. अर्ज पोलिसांकडे गेला. पोलिसांनी तो प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप ठरवला. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून बातमी छापली आणि विषय संपला.

मोहोळ आणि अणदूर एकाच महामार्गावर आहेत. तिकडची गोष्ट इकडच्या पारावर यायला वेळ लागत नाही. गांजा औषधी आहे असे डॉक्टरच म्हणतात, परदेशात तो दवाखान्यात देतात, मग शेतकऱ्याने का पिकवू नये, असा सवाल आपल्या बैठकांतूनही निघतो. सवाल रास्त आहे. पण आमच्या मते तो उलट्या टोकाने धरला जातो. औषधाची गोष्ट करायची तर सुरुवात दुखणेकऱ्यापासून करावी लागते, क्विंटलच्या भावापासून नाही.

दुखणेकरी शोधायला लांब जायला नको. पंधरा-वीस हंगाम ऊसतोडीला गेलेला आणि तरी कंबर शाबूत असलेला माणूस गावात दाखवा! गुडघे, मणके, हातापायाची जळजळ घेऊन माणसे वर्षानुवर्षे दिवस ढकलतात. दुकानातून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणून खातात आणि मूत्रपिंड गमावून बसतात. आपल्या भागातले कॅन्सरचे रोगी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात; उपचार संपून घरी आल्यावर रात्रभर कण्हणारा माणूस सांभाळायचा ते घरच्या बाईने. कुठे लेकराला दिवसातून दहादा आकडी येते. आणि कुठे कर्जाच्या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून एखादा गडी गुपचूप चिलीम ओढतो. त्याला आपण गंजडी म्हणून मोकळे होतो. त्याचे दुखते काय, हे कुणी विचारत नाही.

हे झाड औषधाचे आहे, हा शोध काही अमेरिकेने लावलेला नाही. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. जातीफलादि चूर्णात ती पडते. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या ओशॉनेसी या डॉक्टरने धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांच्या आकडीवर गांजाचा अर्क वापरून पाहिला आणि त्याचा वृत्तांत छापला. युरोपातल्या डॉक्टरांनी हे औषध त्याच्याकडून उचलले. पुढे १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी झाल्या. माफक वापराने फारसे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते, असा निष्कर्ष निघाला.

अलीकडची तपासणी काय सांगते? २०१७ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने सगळे अभ्यास चाळून पाहिले. प्रौढांच्या जुनाट वेदना, कॅन्सरच्या औषधाने होणारी मळमळ आणि मज्जासंस्थेच्या एका आजारातला स्नायूंचा ताठरपणा यांवर उपयोग होतो, असे तिने म्हटले. २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन हट्टी आकड्यांवर या झाडापासून केलेले औषध तिथे मंजूर झाले. त्यातले द्रव्य नशा आणत नाही. मात्र वेदनेवरचा गुण बेताचाच आहे, असे नंतरचे अभ्यास सांगतात. काहींना आराम पडतो, काहींना काहीच फरक पडत नाही.

मनाच्या दुखण्याबद्दल तर फार जपून बोलले पाहिजे. उदासीनतेवर गांजा गुणकारी आहे असे सिद्ध झालेले नाही. उलट कोवळ्या वयात, रोज आणि कडक गांजा ओढणाऱ्यांत वेड लागण्याचा धोका वाढतो, हे सिद्ध आहे. घरात कुणाला असा आजार असेल तर धोका आणखी जास्त. १९९३ च्या भूकंपानंतर या मुलखाने पाहिले आहे की मनाला बसलेला हादरा घर बांधून दिल्याने भरून निघत नाही. तसा तो चिलमीनेही निघत नाही. झुरक्याने रात्र निघते. सकाळी सावकार दारात असतोच.

आता कायदा पाहू. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजाची लागवड बंद केली. विनापरवाना लावला तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. तुरीच्या ओळीत चार झाडे लपवणारा आपल्यासारखाच कुणीतरी तुरुंगात जातो. त्याच्याकडून माल नेणारा क्वचितच सापडतो. पण याच कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाला मोकळीक आहे, आणि कलम १० ने परवाने देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. म्हणजे दार आहे, किल्ली मुंबईत आहे, आणि ती कुणी फिरवत नाही.

कायद्याच्या धाकाने काय होते, हे अफूच्या बाबतीत दिसले. अफूपासून होणारे मॉर्फिन हे कॅन्सरच्या वेदनेवरचे खात्रीचे औषध. आपल्या देशात अफू परवान्याने पिकते, तरी १९८५ नंतरच्या १२-१३ वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. कागदपत्रांच्या जाचाने दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. नशेबाजांची नशा थांबली नाही. रोग्याचे औषध मात्र थांबले. शेवटी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

दुसऱ्या टोकाला थायलंड आहे. तिथे २०२२ मध्ये गांजा मोकळा केला. औषधाच्या नावाने गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. बंदीत रोगी मेला, बाजारात रोगी विसरला गेला. आपल्याला दोन्ही नको.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. राज्य सरकारने कलम १० खाली वैद्यकीय वापराचे नियम करावेत. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे लागवडीचा प्रायोगिक अभ्यास सोपवला. तसे काम परभणीचे कृषी विद्यापीठ आणि धाराशिवचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळून का करू शकत नाही? गुण आला तर औषध सरकारी दवाखान्यात चिठ्ठीवर मिळाले पाहिजे. आज भांगेच्या पानाचा अर्क शहरातला माणूस वैद्याला फोन करून घरपोच मागवतो. ऊसतोड कामगाराला ते परवडत नाही. लागवडीचे परवाने निघतील तेव्हा ते कंपन्यांच्या घशात न जाता लहान शेतकऱ्यालाही मिळाले पाहिजेत. पण तो दिवस येईपर्यंत कुणीही बांधावर एक झाडसुद्धा लावू नये. लाखाच्या गोष्टी सांगणारा दलाल जामिनाला येत नाही.

आणि ज्याचे मन खचले आहे त्याने कायदा बदलायची वाट पाहू नये. १४४१६ या सरकारी नंबरावर फोन फुकट लागतो. मराठीत बोलणारा माणूस मिळतो. शेजाऱ्याने तो लावून द्यावा.

अणदूरचा खंडोबा नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि परत येतो, तोसुद्धा दोन गावांच्या लेखी करारावर. देवाच्या येण्याजाण्याचे नियम जर आपण घालून घेऊ शकतो, तर एका झाडाचे नियम करणे सरकारला अशक्य नाही. येत्या बैठकीत ठराव मांडताना पहिल्या ओळीत दुखणेकऱ्याचे नाव असू द्या. पिकाचा भाव दुसऱ्या ओळीत येईल.