पुसायचे असेल तर लेखी कारण द्या!

गावातल्या जातीय अत्याचाराबद्दल कार्यकर्ता पोस्ट टाकतो आणि संध्याकाळपर्यंत ती गायब होते. खाली एकच ओळ उरते: ही पोस्ट आमच्या मानकांत बसत नाही. कोणते मानक मोडले? कोणत्या वाक्याने मोडले? निर्णय माणसाने घेतला की मशीनने? उत्तर नाही. त्याच वेळी आरक्षणावरून आपल्या आयाबहिणींना दिलेल्या शिव्या मात्र जशाच्या तशा झळकत राहतात. आपणही 'कोणीतरी रिपोर्ट मारला असेल' म्हणून गप्प बसतो. मित्रांनो, हे गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही.

1936 साल आठवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचून ते हादरले आणि काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मंडळाला आपली हरकत पत्रात लिहून कळवावी लागली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले आणि हा पत्रव्यवहारही सुरुवातीलाच जोडला. म्हणून कोण काय गाळायला सांगत होते आणि का, हे आज आपण वाचू शकतो. आजचा प्लॅटफॉर्म तेवढे पत्रसुद्धा देत नाही. बिनकारण पुसलेल्या शब्दाचा प्रतिवाद करणार कसा?

ही मागणी म्हणजे भीक नाही. संविधानाच्या कलम 22 नुसार अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावेच लागते. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांत तर स्पष्ट आहे: 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने आपणहून मजकूर काढायचा असेल, तर आधी वापरकर्त्याला कारण कळवावे आणि म्हणणे मांडायची संधी द्यावी. नियम कागदावर आहे, तो वापरणारे आपण हवेत.

सरकारचे काय? 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 66अ रद्द केले, पण मजकूर ब्लॉक करण्याचे कलम 69अ कायम ठेवले. ब्लॉक करण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणून त्यांना न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागचा एक आधार होता. मात्र 2009 च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. कारण लिहायचे आणि कपाटात कुलूपबंद करायचे! जे वाचायलाच मिळत नाही, त्याला आव्हान द्यायचे तरी कसे?

काही जण म्हणतील, कंपनी खासगी आहे, तिचे घर, तिचे नियम. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. चवदार तळे खासगी मालकीचे आहे असे सांगत महाडचे सवर्ण डिसेंबर 1927 मध्ये कोर्टात गेले होते. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. जिथे सगळा समाज पाणी भरतो, तिथे कोणाला हाकलले आणि का, हा सार्वजनिक प्रश्न असतो.

याचा अर्थ काहीही लिहू द्या असा नाही. जातीय शिवीगाळ काढलीच पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्या भगिनीचे नाव गुप्त राहिलेच पाहिजे. गुप्त राहू नये तो नियम, ते कारण आणि तो निर्णय. कारवाई अंधारात होते तेव्हा झुंडीने रिपोर्ट करणाऱ्यांचे फावते, आणि आपल्याकडे ना झुंड असते, ना कंपनीत वशिला.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब विचारणारी ताई आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून कशी बाहेर जाते? नेत्याला प्रश्न विचारणाऱ्या पोराला अ‍ॅडमिन रात्रीतून का उडवतो? जातपंचायत माणसाला वाळीत टाकते, त्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला. मग आपल्या अ‍ॅडमिनला पंचाचा अधिकार कोणी दिला? बुद्धाच्या संघात सम्मुखाविनय होता: ज्याच्याबद्दल निर्णय, तो समोर हवा. पाठीमागे केलेली कारवाई संघ ग्राह्य धरत नसे. धम्माचे नाव घेणाऱ्यांनी निदान एवढे तरी पाळावे.

सुरुवात आजच करा. ग्रुपचे नियम लिहून सर्वांना दाखवा. कोणाला काढले तर कोणत्या नियमाखाली, ते सांगा. त्याला बोलू द्या. फेरविचार अ‍ॅडमिनने नाही, दुसऱ्या दोघांनी करावा. प्लॅटफॉर्मने पोस्ट काढली तर स्क्रीनशॉट ठेवा, अपील करा, कारण लेखी मागा, आणि मिळालेले उत्तर चव्हाट्यावर आणा. जो आपल्या ग्रुपमध्ये कारण देतो, त्यालाच कंपनीकडे आणि सरकारकडे कारण मागण्याचा नैतिक अधिकार आहे.

जय भीम! जय संविधान!