खाऱ्या वाऱ्यातील खडी

पाली या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर, जेथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात आणि वाऱ्यासोबत आलेला खार ओठांवर बसतो, तेथील एखाद्या तीस-चाळीस वर्षांच्या घराच्या छज्ज्याखाली उभे राहून वर पाहिले, तर गिलावा फुगून सुटलेला, काँक्रीटचे पापुद्रे गळालेले आणि त्यांतून गंजाने फुललेल्या सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. असे घर पाडल्यावर त्याचा राडारोडा टेम्पोत भरून खाजणात, तिवरांच्या मुळांशी, नेऊन ओतण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला अक्षम्य वाटतो. कारण त्या ढिगाऱ्यातली खडी कोणत्या तरी डोंगराचे पोट सुरुंगाने फोडूनच काढलेली असते, आणि ती फेकून द्यायची म्हणजे दुसरा डोंगर फोडायचा.

परंतु ही खडी पुन्हा वापरावी असे म्हणणाऱ्याने तिचा स्वभावही सांगितला पाहिजे. मूळ दगड बहुधा शाबूत असतो. दोष असतो तो त्याला चिकटून राहिलेल्या जुन्या सिमेंट-वाळूच्या सच्छिद्र थरात. आपला काळा पाषाण स्वतःच्या वजनाच्या शंभरात एक-दोन भाग पाणी पितो, तेथे ही खडी तीनपासून दहा भागांपर्यंत पिते. हा थर काढण्यासाठी जपानात खडी सुमारे 300 अंशांपर्यंत तापवून एकमेकींवर घासतात. कोठे कार्बन डायऑक्साइड शोषवून छिद्रांत चुनखडी तयार करतात. कोठे मिश्रण करताना पाणी दोन हप्त्यांत घालून पहिल्या हप्त्यात सिमेंटचा लेप खडीवर बसू देतात. हे उपाय उत्तम आहेत. पण आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू जो क्लोराइड, तो त्या छिद्रांत वर्षानुवर्षे मुरलेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइडने तर सिमेंटमध्ये बांधला गेलेला क्लोराइडही मोकळा होतो. जुना थर विरघळवण्यासाठी मिठाच्या आम्लात खडी भिजवणे म्हणजे तर, ते आम्लच क्लोराइडचे असल्याने, येथे रोगालाच निमंत्रण. तिला गोड्या पाण्याने धुणे आणि धुतल्यावर तपासणे, याला पर्याय नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट दप्तरातच लिहिलेली आहे. भारतीय मानक 383च्या 2016च्या आवृत्तीने सळईच्या काँक्रीटमध्ये अशी खडी 20 टक्क्यांपर्यंत, आणि तीही एम-25 प्रतीपर्यंतच, चालवून घेतली आहे. साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि अगदी हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण. उलट मानक 456 समुद्रकिनारी सळईच्या कामाला किमान एम-30 मागते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पालीतील खांब, तुळई आणि स्लॅब यांचे दार या खडीला बंद आहे, हे स्पष्ट होते. आणि माझ्या मते ते बंदच राहावे.

मात्र पायाखालचा साध्या काँक्रीटचा (पीसीसी) थर, रस्त्याचा भराव, गल्लीतले पेव्हर ब्लॉक, ही दारे उघडी आहेत, आणि तेथे सळईच नसल्याने गंजाचे भयही नाही. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या 2016च्या केंद्रीय नियमांनी सरकारी व नगरपालिकांच्या कामांत असा माल 10 ते 20 टक्के घ्यावा, अशी अपेक्षा दर्जाच्या कडक तपासणीसह नोंदवली होती. ती अंमलात येण्यासाठी महापालिकेच्या दरपत्रकात या खडीची स्वतंत्र बाब हवी, किनाऱ्यावरील घरांचा राडारोडा शहराच्या आतल्या ढिगापासून वेगळा साठवायला हवा, आणि हा माल चुकून सळईच्या कामात शिरू नये म्हणून प्रत्येक ट्रकबरोबर क्लोराइडच्या तपासणीचा कागद आल्याखेरीज मुकादमाने माल उतरवून घेता कामा नये.