वॉर्डातल्या राउंडला ग्रंथपाल हवा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वॉर्डात चाळिशीतली एक शेतमजूर बाई दाखल झाली. आठवडाभराचा ताप, धाप, उतरलेला रक्तदाब आणि काखेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती खपली दिसल्यावर निदानाला वेळ लागला नाही. गवत-झुडपांतल्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू केले. प्रश्न एवढाच होता की, आजार गंभीर आहे, तर सोबत अझिथ्रोमायसिनही द्यायचे का?

निवासी डॉक्टरने मोबाइलवर एका एआय साधनाला विचारले आणि दोन मिनिटांत उत्तर आणले. ‘सर, दोन्ही द्या म्हणतंय. तीन संदर्भही दिलेत.’ मी ते संदर्भ महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमना पाठवले. पंधरा मिनिटांत त्यांचा फोन आला. ‘सर, यातले दोन लेख अस्तित्वातच नाहीत. नियतकालिकांची नावं खरी आहेत, पण असा लेख त्यांत कधी आलेला नाही. तिसरा आहे, पण तो उंदरांवरच्या प्रयोगाचा. तुम्हाला हवा तो लेख पूर्ण पाठवलाय.’

त्यांनी पाठवलेला अभ्यास भारतातलाच होता. वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने गंभीर स्क्रब टायफसच्या सुमारे ८०० रुग्णांवर झालेली ही चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाली आहे. दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या गटाची प्रकृती एकेक औषध दिलेल्या गटांपेक्षा चांगली राहिली. मात्र हा फरक प्रामुख्याने सातव्या दिवशीही न सरलेल्या गुंतागुंतींमधला होता. २८ दिवसांतल्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता. हा बारकावा पूर्ण लेख वाचल्याशिवाय कळत नाही. आम्ही दोन्ही औषधे दिली. बाई नवव्या दिवशी घरी गेली.

म्हणजे एआयचे उत्तर बरोबरच निघाले की, असे कोणी म्हणेल. निघाले खरे. पण बरोबर उत्तराखालचा पुरावा खोटा असेल, तर पुढच्या रुग्णाच्या वेळी उत्तरही खोटे निघणार नाही, याची हमी कोण देणार? त्या दिवशी आमच्या वॉर्डात ही हमी ग्रंथपालांनी दिली. केसपेपरवर त्यांचे नाव कुठेही नाही.

माझ्या विद्यार्थिदशेत शोध घेणे म्हणजे अक्षरशः अंगमेहनत होती. १८७९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या सूचीचे जाडजूड खंड उपसायचे, कागदावर संदर्भ उतरवायचे, ते नियतकालिक आपल्याकडे नसेल तर ग्रंथपालांना विनवून दुसऱ्या शहरातून झेरॉक्स मागवायची. ती येईपर्यंत बहुतेक वेळा रुग्ण घरी गेलेला असे. १९९७ मध्ये पबमेड सर्वांसाठी मोफत खुले झाले आणि हे सारे घरबसल्या होऊ लागले. तेव्हापासून एक समज रुजला: शोधणे सोपे झाले, आता ग्रंथपालाचे काय काम?

या समजाची किंमत २००१ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मोजली गेली. दम्यावरच्या एका संशोधनात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे जुने औषध हुंगवण्यात आले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि ती दगावली. संशोधकाने आधी पबमेड पाहिले होते. पण त्यातल्या नोंदी तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होत्या. या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी १९५०च्या दशकातल्या नियतकालिकांत होत्या. आपण वापरतो ते साधन कुठे संपते आणि त्यापलीकडे काय असू शकते, हे अनुभवी ग्रंथपालाला ठाऊक असते. शोधणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असेलच असे नाही.

म्हणूनच १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी वैद्यकीय शाळेत ग्रंथपालांना थेट राउंडवर आणण्याचा प्रयोग झाला. डॉक्टरांबरोबर रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहायचे, प्रश्न टिपायचे आणि पुरावा शोधून द्यायचा. आपल्याकडे मात्र वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रंथालय म्हणजे तपासणीच्या दिवशी खुर्च्या आणि पुस्तके मोजून दाखवण्याची जागा. एरवी ती प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाची वातानुकूलित खोली.

पैसे नाहीत, हे कारण आता पूर्वीइतके खरे नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि सरकारी उच्च शिक्षणाच्या व संशोधनाच्या सहा हजार तीनशे संस्था असा तिचा पसारा आहे. योजना चांगलीच आहे. पण तिच्यात दोन उणिवा राहतात.

पहिली उणीव माणसांची. तेरा हजार नियतकालिकांचे दार उघडले, तरी आत नेमके कुठे जायचे हे शिकवणारा हवा. प्रश्न नीट कसा मांडायचा, मागे घेतलेला लेख कसा ओळखायचा, पैसे घेऊन काहीही छापणारे बनावट नियतकालिक कसे हेरायचे, हे एमबीबीएसच्या वर्गात क्वचितच कोणी शिकवते. मग बढतीसाठी शोधनिबंध हवा म्हणून आपलेच तरुण प्राध्यापक त्या बनावट नियतकालिकांच्या गळाला लागतात.

दुसरी उणीव अधिक बोचते. ही योजना शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या व्याख्येत बसत नाही. जिथे सल्ला घ्यायला शेजारी तज्ज्ञ नसतो, तिथेच ग्रंथालयही नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडच्या परिसरात रुग्ण तपासता तपासता दाखवून दिला. १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि असंख्य जीव वाचले. ज्ञान कोकणातून लंडनला गेले. पण अशा नियतकालिकातला एखादा लेख आज कोकणातल्याच वैद्यकीय अधिकाऱ्याला वाचायचा असेल, तर त्याने खिशातून दोन-तीन हजार रुपये काढायचे!

यावर उपाय अवघड नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यातली वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगची महाविद्यालये एका छत्राखाली सांभाळते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने राज्यातल्या प्रत्येक सरकारी डॉक्टर आणि परिचारिकेसाठी एक मदतकक्ष चालवावा. गडचिरोलीतून किंवा अक्कलकुव्यातून प्रश्न यावा आणि त्याच दिवशी पडताळलेले उत्तर जावे. निम्म्या प्रश्नांना पैसेही लागणार नाहीत. पबमेड सेंट्रलवरचे लाखो लेख आणि आयसीएमआरच्या उपचारपद्धतींचे तक्ते मोफतच आहेत. ते शोधून देणारा माणूस तेवढा हवा. उरलेल्यांसाठी राज्याने आतापासून आग्रह धरावा की, २०२७ नंतरच्या वर्गणी करारात आरोग्य विभागाची रुग्णालयेही असावीत. आणि महाविद्यालयांतली ग्रंथपालांची रिकामी पदे भरून त्यांना आठवड्यातून एकदा तरी राउंडला बोलवावे. हे काम कोणत्याही विभागप्रमुखाला उद्यापासून करता येईल. त्याला शासन निर्णय लागत नाही.

औषधांचा तुटवडा असताना ग्रंथालयावर खर्च कशाला, असे विचारले जाईल. औषधांचा तुटवडा खराच आहे. पण आहे ते औषध योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत देण्यासाठीही आधी कोणीतरी नीट वाचलेले असावे लागते.

आमच्या वॉर्डात गुरुवारच्या राउंडला आता ग्रंथपाल मॅडम येतात. पहिल्या दिवशी एका रुग्णाने त्यांना वाकून नमस्कार केला. ‘मी डॉक्टर नाही हो,’ त्या ओशाळून म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, ‘असू द्या मॅडम, त्याचा नमस्कार चुकलेला नाही.’