भाडेकरूची चौकशी आणि घरमालकाची जबाबदारी

पेण किंवा रोह्यात खोली शोधणाऱ्या परक्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तुम्ही कोणाचे?’ हा. एके काळी तो पुरेसाही होता. बदलून आलेला शिक्षक, तलाठी वा बँकेतील कारकून कोणाच्या तरी ओळखीने येई. ओळख देणारा त्याच आळीत राहत असे आणि भाडे थकले तर त्याच्या ओसरीवर जाऊन जाब विचारता येई. शब्दामागे अब्रू तारण होती.

आज धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत परप्रांतांतून कंत्राटी कामगार येतात. पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांना हंगामात बाहेरचे हात लागतात. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून मुंबईही पेणच्या आणखी जवळ आली आहे. या माणसांपाशी ‘कोणाचे?’ या प्रश्नाला उत्तर नसते. मग त्या प्रश्नाची जागा दुसरे प्रश्न घेतात : जात कोणती, धर्म कोणता, मासळी-मटण शिजवणार काय, मुलगी एकटी राहणार की बरोबर कोणी आहे? यातील एकाही उत्तरावरून भाडे वेळेवर मिळेल की नाही, हे कळत नाही. चौकशी म्हणून जे चालते ते बहुधा पूर्वग्रहाचे समाधान असते.

खरी चौकशी याहून साधी आणि अधिक कष्टाची आहे. माणूस कोठे काम करतो, पगार कंपनी देते की ठेकेदार, त्या पगारात हे भाडे बसते काय, आणि खोलीत प्रत्यक्ष किती जण राहणार, एवढे समजले तरी पुष्कळ झाले. पूर्वीच्या घरमालकाला विचारावे, हे तर उघडच आहे. मात्र तेथेही तारतम्य हवे. नकोसा भाडेकरू एकदाचा जावा म्हणून त्याची तोंडभर स्तुती करणारे मालक असतात. म्हणून शक्य तर त्याच्याही आधीच्या मालकाचा शब्द घ्यावा; त्याला खोटे बोलण्याचे कारण उरलेले नसते.

पोलिसांकडे द्यावयाच्या माहितीचे महत्त्व रायगड जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही. 1993 च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि 12 मार्चला मुंबई हादरली. तथापि पोलिसांकडील माहितीपत्रक ही नोंद आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. शिवाय यासंबंधीचे मनाई आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत. 1 जुलै 2024 पासून त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा आधार आहे. त्यांची मुदत सामान्यतः दोन महिन्यांची असते, आणि मुदतीबरोबर त्यांचे स्मरणही संपते. माहितीपत्रकात ओळखीच्या व्यक्तींची नावे लिहून घेतली जातात, पण त्यांना फोन करून विचारणारा घरमालक विरळा. उलट आधार कार्डाची प्रत घेतली की काम झाले, असे मानण्यात येते. ती प्रत नाव सांगते, वागणूक नव्हे. आणि अशा प्रतींचे गठ्ठे दलालांच्या खणात पडून राहतात, ही गोष्ट वेगळीच.

याहून मोठा घोटाळा कराराचा आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत घट्ट रुजली आहे. नोंदणीच्या सर्वसाधारण कायद्यापुरती तिला थोडा आधार असेल. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो भाडेपट्ट्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडेकरू घर बळकावील या धास्तीने दहा कागद मागणारा मालक स्वतःच्या संरक्षणाचा अकरावा कागद मात्र करीत नाही. कारण सहसा एकच : भाड्याचे उत्पन्न कोठे दिसू नये.

या लपवाछपवीची किंमत भाडेकरू मोजतो. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून गॅसची जोडणी आणि बँकेचे खाते अडते. अनामत रकमेची पावती नसते, आणि खोली सोडताना रंग, नळ, फरशी यांच्या नावाखाली ती गिळली जाते. तेव्हा चौकशी भाडेकरूनेही करावी. घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे, घर देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार आहे काय आणि आधीचा बिऱ्हाडकरू का गेला, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

सर्वांत कठीण प्रश्न ठेकेदाराने घेतलेल्या खोल्यांचा आहे. कागदावर एकटा ठेकेदार असतो, आत आठ-दहा कामगार झोपतात. पाळी बदलते तशी माणसेही बदलतात, आणि चौकशी झालेली असते ती तेथे कधीही न राहणाऱ्याची. कारखान्यात अपघात झाला तर कोणाच्या गावी कळवावे हे अशा खोलीच्या मालकाला सांगता येत नाही. कारखान्यांच्या दारावर हजेरी होतेच. तीच यादी ठेकेदाराने दरमहा घरमालकाला आणि पोलीस ठाण्याला द्यावी, अशी अट कंत्राटातच घालता येईल. नगरपालिकांनाही घरपट्टीच्या देयकाबरोबर भाडेकराराचा सोपा मराठी नमुना आणि कलम 55 चा मजकूर प्रत्येक घरी पोहोचवता येईल. त्याला छपाईपलीकडे खर्च नाही.