अर्काची बाटली आणि बाईचे काळीज

बाईची पाळी थांबली की विक्रेत्यांची पाळी सुरू होते. कोणी सोयाबीनच्या गोळ्या पुढे करतो, कोणी अर्जुनसालीचा अर्क, कोणी शतावरीचे चूर्ण. आणि सर्वांच्या तोंडी एकच वाक्य : ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय व्हायचा?’ माझे भांडण आहे ते या वाक्याशी. झाडपाल्याशी नाही.

झाडपाल्याशी कसे असेल? आमच्या मुंबईतच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे रोग्यांवर पाहिले आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. पुढे त्याच मुळीतून रेझरपीन निघाले व जगभर गेले. पण मुळी पूर्वजांची म्हणून डॉ. वकिलांनी तिच्यावर डोळे मिटून शिक्का मारला नाही. दाब मोजला, औषध दिले, पुन्हा मोजला. कालांतराने असेही दिसले की रेझरपीनने काही रोग्यांच्या मनाला खिन्नता येते. ज्या मुळीत गुण करण्याची ताकद असते, तिच्यात अवगुणाचीही असते. ‘अपाय मुळीच नाही’ असे छातीठोक सांगणारा एक तर गुण नसल्याची कबुली देतो, नाही तर खोटे बोलतो.

‘पाळीनंतर इस्ट्रोजेन आटते, काळजाचे कवच जाते, मग ते बाहेरून द्या’, हे गणित किती सोपे! भल्या भल्या डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षे खरे मानले. शेवटी अमेरिकेत पाळी गेलेल्या 16,608 बायकांवर संप्रेरकांच्या जोडगोळीची चाचणी घेतली. 2002 साली ती मध्येच थांबवावी लागली : हृदयविकार घटला नाहीच, उलट काहीसा वाढला; स्तनाच्या कर्करोगाचीही भर पडली. मग ‘वनस्पतीचे इस्ट्रोजेन’ म्हणून सोया आले. 2006 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सारा पुरावा चाळून सांगितले, या गोळ्यांची शिफारस करता येत नाही. अर्जुनसालीवर लहानसहान प्रयोग झाले आहेत. पण ती घेतल्याने पाळी गेलेल्या बायकांचे झटके टळतात, हे सिद्ध झालेले नाही.

आता बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याकडे वळू. 1970 साली सिडको आली, भोवती नवे शहर उठले. खाडीकाठची मासळी विकणारी बाई मात्र तिथेच आहे. समजा, पन्नाशी उलटलेल्या अशा एखाद्या मावशीला चार पावलांत धाप लागते, जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळते. घरचे म्हणतील, पित्त झाले. शेजारीण म्हणेल, वय झाले. छातीत कळ नाही, म्हणून काळजाचे नाव कोणी काढणार नाही. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच वेष पालटून येतो. अशा वेळी तिच्या हाती अर्काची बाटली देणे म्हणजे तिला दवाखान्याच्या वाटेवरून मागे फिरवणे. बाटलीत विष नसेलही. पण गेलेली वेळ विषाचेच काम करते.

कायदा नाही, असेही नाही. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा कायदा 1954 सालीच झाला. त्याच्या यादीत हृदयविकार आहे, रक्तदाबही आहे. म्हणून तर चतुर विक्रेता ‘रोग बरा करतो’ म्हणत नाही, ‘काळजाला बळ देतो’ म्हणतो. शब्द बदलला, गल्ला तोच!

मला विचाराल, तर पाळी गेलेल्या प्रत्येक बाईचा रक्तदाब आणि साखर आधी मोजा. मशेरी सोडवा, खारवलेली मासळी कमी करा. चालू असलेली रक्तदाबाची गोळी अर्काच्या नादाने बंद करू नका. आणि बाटलीवाल्याला एवढेच विचारा : किती बायकांना दिलीत, किती वर्षे दिलीत, आणि झटके किती टळले? आकड्यांत उत्तर आले, तर बाटली खुशाल घ्या. पूर्वजांची साक्ष काढू लागला, तर पूर्वजांना नमस्कार करा आणि पैसे गाठीला ठेवा.